‘कशाला?’ : लांब पल्ल्याच्या बायका आणि त्यांची घरची माणसं



दर बुधवारी रेकॉर्डिंग आटोपलं की आम्ही सहाजणी स्टुडिओच्या पायरीवर चहा घेत बसतो. दिवाळीनंतरच्या अशाच एका बुधवारी आमच्यातली एक, जी पिठाची गिरणी चालवते आणि आपल्या रेडिओवर बाजारभाव वाचते, ती कप खाली ठेवून म्हणाली, “मी २१ किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिलंय.”

जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग एकीनं विचारलं, “कशाला गं?” दुसरी म्हणाली, “गुडघे गेले म्हणजे गिरणी कोण चालवणार?” तिसरी म्हणाली, “कुणाच्या मागं लागलीयस एवढी?” आम्ही सगळ्या हसलो. ती हसली नाही.

घरी काय झालं ते तिनं पुढच्या बुधवारी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “पहाटेची सून रस्त्यानं पळते म्हटल्यावर लोक काय म्हणतील?” नवऱ्यानं एवढंच विचारलं, “सकाळच्या डब्यांचं काय?” माहेराहून आईचा फोन आला, “अगं, दोन बाळंतपणं झालेलं शरीर आहे. पोटातलं काही खाली उतरलं तर?” आणि नववीतल्या लेकीनं बजावलं, “आई, ती पँट घालून आमच्या शाळेवरून जाऊ नकोस.”

हे ऐकताना आम्हाला आमचंच वाईट वाटलं. बायकांनी स्वतःसाठी वेळ काढावा, असं आम्ही माइकसमोर कितीदा सांगितलं असेल. आणि आमच्यातलीच एक तसं करायला निघाली, तेव्हा पहिलं ‘कशाला’ आमच्याच तोंडून गेलं. म्हणून हे भाषण तयार करायला घेतलं. आमच्याआधी ज्या बायका लांब पल्ल्याचं पळायला किंवा पोहायला निघाल्या, त्यांना घरच्यांनी आणि मित्रमैत्रिणींनी काय म्हटलं होतं, ते शोधलं. सापडलं ते असं, की गेल्या शंभर वर्षांत वाक्यं फारशी बदललेलीच नाहीत.

पहिली गोष्ट १९२६ ची. न्यूयॉर्कमध्ये जर्मनीहून येऊन स्थायिक झालेल्या एका खाटकाची मुलगी, गर्ट्रूड एडर्ली. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधली खाडी पोहून जायचं तिनं ठरवलं. सरळ मोजली तर ती सुमारे ३३ किलोमीटर भरते, पण प्रवाह माणसाला बाजूला ओढत नेतो, त्यामुळे अंतर पुष्कळ वाढतं. तोवर पाच पुरुष ती पोहून गेले होते, बाई एकही नाही.

गर्ट्रूडला लहानपणी गोवर झाला आणि तेव्हापासून तिला कमी ऐकू यायचं. पोहत राहिलीस तर कान आणखी जातील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कुठल्याही आईबापांनी इथेच नाही म्हटलं असतं. पण तिला पोहायला शिकवलं होतं ते वडिलांनीच, कमरेला दोर बांधून. १९२५ मध्ये तिनं पहिला प्रयत्न केला, तेव्हा प्रशिक्षकानं तिला मध्येच पाण्याबाहेर काढायला लावलं. तिचं म्हणणं होतं, मी थकले नव्हते.

पुढच्या वर्षी ती परत गेली, तेव्हा सोबतच्या बोटीवर वडील आणि मोठी बहीण मार्गारेट होती. पार झालीस तर मोटार घेऊन देईन, असा वडिलांनी शब्द दिला होता. पाण्यात जड होणार नाही असा पोहण्याचा पोशाख तयार करायला बहिणीनं मदत केली होती. ६ ऑगस्टला दुपारनंतर हवा बिघडली, लाटा वाढल्या, आणि बोटीवर तिला बाहेर काढण्याची भाषा सुरू झाली. घरची माणसं हजर होती. ती पोहत राहिली. साडेचौदा तासांनी ती किनाऱ्याला लागली आणि आधीच्या पुरुषांच्या विक्रमातून सुमारे दोन तास कमी झाले.

डॉक्टरांचं म्हणणंही खरं ठरलं. पुढच्या काळात तिला ऐकू येणं जवळजवळ बंद झालं. आम्हाला ही गोष्ट तुमच्यापासून लपवायची नाही. घरच्यांची भीती प्रत्येक वेळी खुळी नसते. त्या घरानं भीती ऐकून घेतली, आणि मुलीला काय हवंय तेही ऐकून घेतलं.

दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांना पहिल्यांदा ८०० मीटर पळू दिलं. जर्मनीच्या लीना राडके हिनं जागतिक विक्रम करून शर्यत जिंकली, जपानची हितोमी किनुए दुसरी आली. शर्यत संपल्यावर काहीजणी दमून गवतावर पडल्या. पुरुषही पडतात. पण वर्तमानपत्रांनी असं रंगवलं, की जणू बायका मरायलाच टेकल्या होत्या. त्यानंतर ही शर्यत बायकांसाठी बंद झाली, ती थेट १९६० मध्ये रोमला परत आली. म्हणजे ३२ वर्षं. एवढ्या काळात एक अख्खी पिढी हेच ऐकत वाढली, की बाईचं शरीर लांब पळण्यासाठी नाही. गर्भाशय खाली सरकेल, पाय पुरुषासारखे होतील, मूल होणार नाही. आमच्या मैत्रिणीच्या आईनं फोनवर जे म्हटलं, ते कुठून कुठून फिरत तिच्यापर्यंत आलं असेल, याचा थोडा अंदाज आम्हाला इथे आला.

मधल्या काळात आपल्याकडे एक मोठी गोष्ट घडली. कोलकात्याची आरती साहा. आई ती अडीच वर्षांची असतानाच गेली, आणि आजीनं तिला वाढवलं. काका अंघोळीला चांपातला घाटावर जायचे, ते या लहान पोरीलाही नेत. तिथे ती पाण्यात रमली. वडिलांच्या ते ध्यानात आलं आणि त्यांनी तिला पोहण्याच्या क्लबात घातलं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला ती भारताकडून गेली, तेव्हा तिला बारावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं.

१९५९ च्या ऑगस्टमध्ये तिनं तीच इंग्लिश खाडी पोहायला घेतली. सोबतीची बोट उशिरा आली, चांगली वेळ हातची गेली, आणि इंग्लंडचा किनारा काही मैलांवर आलेला असताना उलट्या प्रवाहापुढे तिला थांबावं लागलं. विचार करा, मैत्रिणींनो. परदेश, पैशांची ओढाताण, आणि अपयश. ‘झालं ना मनासारखं? आता चल घरी,’ असं म्हणायला याहून चांगली वेळ नव्हती. पण सोबतचे लोक थांबले आणि तीही थांबली. २९ सप्टेंबरला, एकोणिसावा वाढदिवस होऊन पाचच दिवस झाले होते, तेव्हा १६ तास २० मिनिटं पोहून ती पार झाली. अशी खाडी पार करणारी ती आशियातली पहिली बाई. १९६० मध्ये तिला पद्मश्री मिळाली. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला खेळाडू.

आता पळणाऱ्या बायकांकडे येऊ. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात १८९७ पासून मॅरेथॉन होते, ४२ किलोमीटरची. बॉबी गिब नावाच्या मुलीनं १९६४ मध्ये ती पहिल्यांदा पाहिली. दाखवायला घेऊन गेले होते तिचे वडीलच. ती पाहून तिच्या मनानं घेतलं, आपणही पळायचं. बायकांसाठी पळण्याचे वेगळे बूट मिळत नव्हते, म्हणून तिनं नर्सेस घालतात तसल्या पांढऱ्या चामड्याच्या बुटांत सराव केला. १९६६ मध्ये तिनं अर्ज मागवला. उत्तर आलं, की बायका शरीरानं एवढं अंतर पळूच शकत नाहीत.

तेव्हा ती कॅलिफोर्नियात राहत होती. बसमध्ये बसून देशाच्या या टोकापासून त्या टोकाला, शर्यतीच्या आदल्या दिवशी ती माहेरी पोचली. बेत ऐकून वडिलांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलंय. ज्यांनी शर्यत दाखवली त्यांनाच तसं वाटलं. आईचाही आधी विरोधच होता. मुलीनं तिला समजावलं, की यात माझ्या एकटीचं काही नाही, बाईला काय जमतं ते लोकांना दिसेल. आईच्या मनात काय आलं असेल, ते आपण घरोघरच्या आया ओळखू शकतो. सकाळी आईनं गाडी काढली आणि लेकीला शर्यत सुरू होते त्या गावी नेऊन सोडलं.

बॉबीनं भावाची अर्धी चड्डी आणि वर टोपीवालं जाकीट घातलं होतं. ती झुडपात लपून बसली आणि निम्मे लोक निघून गेल्यावर त्यांच्यात मिसळली. मागच्या पुरुषांनी ओळखलं, ही बाई आहे. ती घाबरली होती, पण ते म्हणाले, तुला कुणी बाहेर काढायला आलं तर आम्ही बघतो. वाटेत मुलींचं एक कॉलेज लागतं. तिथल्या मुलींनी तिला पाहून केलेला आरडाओरडा ती पुढे आयुष्यभर सांगत राहिली. ३ तास २१ मिनिटांत ती पोचली. अर्ध्याहून जास्त पुरुष तिच्या मागे होते.

पुढच्याच वर्षीची, १९६७ ची, गोष्ट तुमच्यातल्या काहीजणींनी ऐकली असेल, कारण तिचा फोटो जगभर छापून आला. कॅथरीन स्वित्झर, वय २०. ती युनिव्हर्सिटीत आर्नी ब्रिग्स नावाच्या पन्नाशीच्या गृहस्थांबरोबर पळायची. ते तिथे टपाल वाटायचे आणि बॉस्टनच्या शर्यतीत अनेकदा पळालेले होते. रोज पळताना ते तिला त्या शर्यतीच्या गोष्टी सांगत. एक दिवस ती म्हणाली, नुसत्या गोष्टी नकोत, पळूया. ते म्हणाले, बाईला ते जमणार नाही. म्हणजे रोज सोबत पळणारा, गुरूच्या जागी असलेला माणूसही हेच म्हणाला. पण त्यांनी एक वाट मोकळी ठेवली. आधी सरावात तेवढं अंतर करून दाखव, मग मीच तुला घेऊन जातो. तिनं ते अंतर केलंच, वर आणखी आठ किलोमीटर पळूया म्हणाली. शेवटी चक्कर येऊन पडले ते आर्नी. दुसऱ्या दिवसापासून अर्ज भरायच्या मागे तेच लागले.

शर्यतीत तिचा मित्र टॉमही उतरला होता. तो हातोडाफेक करणारा दणकट गडी. पोरीला जमतं तर मला का नाही, असा त्याचा हिशेब. वाटेत शर्यतीचा एक अधिकारी गाडीतून उतरून कॅथरीनच्या अंगावर धावून आला आणि तिचा २६१ नंबर ओरबाडायला लागला. टॉमनं त्याला खांद्यानं धडक देऊन उडवलं. फोटोत आपल्याला एवढंच दिसतं. पुढचं कॅथरीननं स्वतः लिहून ठेवलंय. थोड्या वेळानं टॉमच तिच्यावर उखडला. तुझ्यापायी माझं खेळातलं भविष्य बुडणार, असं म्हणून तो तिला सोडून पुढे निघून गेला. नंतर तो दमून चालत असताना ती आणि आर्नी त्याला मागे टाकून गेले. पुढे त्या दोघांचं लग्न झालं आणि मोडलंही.

ही गोष्ट आम्ही आपापसात दोनदा वाचली. संकटाच्या वेळी मध्ये पडणारा माणूस आणि ‘माझं काय होणार’ म्हणून चिडणारा माणूस एकच असू शकतो. आपल्या घरातही असतो. त्याला एका शब्दात चांगला किंवा वाईट ठरवता येत नाही.

१९७२ मध्ये बॉस्टननं बायकांना रीतसर प्रवेश दिला. पहिल्या वर्षी आठजणी उतरल्या, आठहीजणी पोचल्या, आणि पहिली आली निना कुस्किक, तीन मुलांची आई. कॅथरीनच्या अंगावर धावून आलेले तेच अधिकारी पुढे बायकांच्या पळण्याच्या बाजूनं झाले. १९७३ मध्ये त्यांनी शर्यतीआधी तिच्या गालाला ओठ टेकवून समेट केला.

घरच्यांनी अडवल्याच्या गोष्टी झाल्या, तशी एक ढकलल्याचीही आहे. नॉर्वेची ग्रेटे वाइट्स शाळेत शिकवायची आणि कमी अंतराच्या शर्यती पळायची. १९७८ मध्ये नवऱ्यानं आग्रह धरला, न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनला जाऊ, तेवढाच फिरणंही होईल. एवढं अंतर ती कधी पळालीच नव्हती. पायांत गोळे आले, कळ सोसत ती पोचली, तर जागतिक विक्रम झालेला. तिनं बूट काढून नवऱ्याच्या दिशेनं भिरकावले आणि पुन्हा असला मूर्खपणा करणार नाही म्हणून सांगितलं. नंतर तीच शर्यत ती एकूण नऊ वेळा जिंकली.

१९८४ चा उन्हाळा मात्र दोन्ही बाजूंनी बोलणारा आहे. जिम फिक्स या अमेरिकन लेखकानं पळण्यावर लिहिलेल्या पुस्तकामुळे हजारो लोक पळायला लागले होते. जुलैमध्ये तो पळून येतानाच हृदयविकारानं गेला, वय ५२. त्याच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले होते. नंतर तपासणीत दिसलं, की जिमच्या हृदयाच्या रक्तवाहिन्याही फार चोंदलेल्या होत्या. त्यानंतर किती घरांत ‘बघा, सांगत होतो ना’ झालं असेल! आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, ५ ऑगस्टला, लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची पहिली मॅरेथॉन झाली. जोन बेनॉइट २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत जिंकली. ऑलिंपिकमधल्या पुरुषांच्या पहिल्या मॅरेथॉननंतर ८८ वर्षांनी.

आता आपल्या मातीत येऊ. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. डोक्यावर तुळस घेऊन, उन्हापावसात, जवळजवळ तीन आठवडे आपल्या बायका चालतात. साठीच्या, सत्तरीच्या. त्यांना कुणी म्हणत नाही, गुडघे जातील. उलट गाव वेशीपर्यंत सोडायला येतं. दुष्काळात दोन-दोन हंडे घेऊन मैलभर चालणाऱ्या बाईलाही कुणी म्हणत नाही, पोटातलं खाली उतरेल.

बारामतीच्या लता भगवान करे तुम्हाला माहीत आहेत. साठी ओलांडल्यावर, नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून, नऊवारी नेसून त्या अनवाणी ज्येष्ठांच्या शर्यतीत पळाल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. आम्हालाही त्यांचा अभिमान वाटतो. पण चहाच्या पायरीवर आमच्यातल्या एकीनं विचारलं, “नवरा धडधाकट असता आणि त्या नुसत्या हौसेनं पळाल्या असत्या, तर आपण काय म्हटलं असतं?”

आम्ही गप्प झालो, कारण उत्तर आम्हाला ठाऊक होतं. देवासाठी चाललं, नवऱ्यासाठी पळालं, घरासाठी पाणी आणलं, तर बाईचं सोसणं आपल्याला कौतुकाचं वाटतं. तेच पाय तिच्या स्वतःच्या खुशीसाठी पळायला लागले, की आपल्याला तिचे गुडघे आठवतात. आमच्या ‘कशाला’मध्ये हेच लपलेलं होतं.

हा इतिहास वाचताना आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. यातल्या कुठल्याच घरात वाद घालून कुणी जिंकलेलं दिसत नाही. माणसं सोबत गेली, हाताला काम लागलं, आणि बोलणं बदललं. एडर्लीचे वडील बोटीवर चढले. गिबच्या आईनं गाडी काढली. आर्नी स्वतः पळून पडले, तेव्हा त्यांना पटलं.

म्हणून आम्ही आमच्या मैत्रिणीला सल्ले देणं बंद केलं आणि कामं वाटून घेतली. रविवारी सकाळी ती लांब पळायला जाते, तेव्हा गिरणी उघडायची पाळी आम्ही पाचजणींनी लावून घेतली. आधी तिला सरकारी दवाखान्यात नेऊन रक्तदाब, रक्त, हृदयाचा आलेख सगळं तपासून घेतलं. जिम फिक्सची गोष्ट वाचल्यावर आम्हाला तेवढं तरी करायचंच होतं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या आईशी फोनवर बोलून, गर्भाशय असं पळण्यानं खाली येत नाही, पण आधीपासून अंग बाहेर येण्याचा त्रास असेल तर दाखवून घ्यावं, असं नीट समजावलं. लेक पहिले दोन महिने लांबूनच बघत होती. मग एका पहाटे, अंधार असतो म्हणून, सायकल घेऊन आईच्या मागून गेली. ती अजून जाते. नवरा डबे करायला शिकला, असं आम्ही सांगणार नाही. रविवारी पोहे करतो, एवढं खरं आहे. सासूबाईंनी तोंडानं काहीच मान्य केलेलं नाही. पण शनिवारी रात्री नाचणीची आंबील झाकून ठेवलेली असते.

शर्यत फेब्रुवारीत झाली. ती ३ तासांना ४ मिनिटं कमी असताना पोचली. पुढे बरेच होते, मागेही बरेच होते. परतताना जीपमध्ये आम्ही तिला तोच जुना प्रश्न विचारला, या वेळी खरंच जाणून घ्यायला. कशाला गं पळतेस?

ती म्हणाली, “तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नाही.”

मैत्रिणींनो, तुमच्या घरात, शेजारात, गटात कुणी असं काही सुरू केलं असेल, पळणं, पोहणं, सायकल, डोंगर चढणं, तर तिला तुम्ही पहिल्यांदा काय म्हणालात ते आठवून बघा, आणि आम्हाला कळवा. फोन करा, चिठ्ठी पाठवा. आणि तुमच्यातलीच कुणी पळायचं म्हणतेय, पण पहाटे सोबत नाही म्हणून अडलीय, तर तेही कळवा. आमच्याकडे आता एक सायकलवाली आहे.